हातात २६ हजारच उरणार, मग नोकरी कशाला? पाळणाघराचा हिशोब नीट मांडूया

वाकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी पुढच्या महिन्यात वर्षाची होतेय, २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह आणि त्यावर घेतलेली बिनपगारी रजा दोन्ही संपत आल्यात, आता हिंजवडीच्या ऑफिसात परत जायचंय, आठवड्यातून ३ दिवस. हातात पगार ५८ हजार, मिस्टरांचा ९२ हजार, घराचा हप्ता ४१ हजार, म्युच्युअल फंडाची एसआयपी १५ हजार. जवळच्या ब्रँडेड डेकेअरची फी १८ हजार, जेवणाचे अडीच हजार वेगळे, अ‍ॅडमिशनचे १५ हजार परत न मिळणारे. दुसरा पर्याय सोसायटीतल्या काकूंचं घरगुती पाळणाघर, साडेसात हजार. तिसरा, कराडहून सासूबाईंना कायमचं बोलवायचं. मिस्टरांचं म्हणणं असं की डेकेअर, जाण्यायेण्याचे ६ हजार आणि स्वयंपाकाच्या मावशींचे ५ हजार काढले तर २६,५०० उरतात, एवढ्यासाठी मुलीला का सोडून जायचं.

ताई, आकडेमोड बरोबर आहे, पण वजाबाकी फक्त तुमच्या पगारातून का? मुलगी दोघांची, हप्ता दोघं मिळून भरता, मग डेकेअरची फी एकटीच्या पगारावर का टाकायची? घरात दीड लाख येतात, त्यातले साडेवीस हजार तिच्या सांभाळण्यावर, म्हणजे साधारण १४ टक्के, आणि तेही दोन-तीन वर्षांपुरते. असं मांडलं की प्रश्नच बदलतो, नोकरी परवडते का हे सोडून कुठलं पाळणाघर निवडायचं यावर बोलता येतं. जॉईन व्हायच्या आधी मिस्टरांसोबत बसून हे एकदा शांतपणे बोलाच, फी जॉइंट अकाउंटमधून जाऊ दे.

दुसरं म्हणजे २६,५०० हा आकडाही पूर्ण नाही. तुमचं बेसिक ३० हजार लिहिलंय, म्हणजे १२ टक्क्यांनी तुमचे ३,६०० आणि कंपनीचे ३,६०० असे ७,२०० दर महिन्याला पीएफ-पेन्शनमध्ये जातात, ते हातात दिसत नाहीत म्हणून कुणी मोजत नाही. वर तुम्ही लिहिलंय की कंपनीत ५ वर्षं पूर्ण व्हायला १० महिने राहिलेत, आत्ता सोडलं तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, गेली, ती ३० हजारांच्या बेसिकवर ५ वर्षांची जवळपास साडे ८६ हजार होते. मॅटर्निटी लीव्ह सेवेत धरतात, पण बिनपगारी महिन्यांचं काय केलंय ते एचआरकडून मेलवर लिहून घ्या. दोन वर्षं घरी बसायची खरी किंमत अगदी महागडं डेकेअर धरूनसुद्धा ९ लाखांच्या आसपास जाते (२६,५०० आणि ७,२०० असे २४ महिने, वर ग्रॅच्युइटी), आणि नंतर परत नोकरी शोधताना पगार कुठून सुरू होईल ते वेगळंच. तुम्हाला मनापासून घरी राहायचं असेल तर जरूर राहा, तो निर्णयही चांगलाच आहे, फक्त २६ हजारांचं कारण देऊन घेऊ नका.

आता पाळणाघर. वर्षाचा हिशोब केला तर ब्रँडेड २ लाख ६१ हजार, काकू ९० हजार, फरक १ लाख ७१ हजारांचा. पण काकू दिवाळीत १० दिवस आणि मे महिन्यात १५ दिवस गावाला जातात असं तुम्ही लिहिलंय, हे २५ दिवस कोण बघणार? सगळे तुमच्या बिनपगारी रजेवर गेले तर दिवसाला २,६०० धरून ६५ हजार गेले, तरी काकू लाखभराने स्वस्तच पडतात. आणि इथेच सासूबाईंचा विचार करा, कायमचं कराड सोडून त्यांना इथे आणणं मला पटत नाही, त्यांचं घर, त्यांची माणसं तिकडे, गुडघ्यांचा त्रासही तुम्ही लिहिलाय आणि वर्षाचं मूल दिवसभर पळवतं. पण दिवाळीत आणि मे महिन्यात येऊन राहायला बहुतेक त्या आनंदाने तयार होतील, विचारून बघा.

ब्रँडेडमध्ये साडेसहाच्या पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला २०० रुपये घेतात ना, मग ऑफिसच्या ३ दिवशी संध्याकाळी भूमकर चौकात अडकलात की काय होईल ते तुम्हाला माहितीच आहे. मिस्टर खराडीहून आठला येतात म्हणजे आणायला तुम्हीच. तरीही ऑफिसजवळचं नको, घराजवळचंच घ्या, वर्क फ्रॉम होमच्या दिवशी सोपं पडतं.

तरी काकूंना हो म्हणायच्या आधी सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला न सांगता जाऊन या. ८ मुलं आहेत म्हणता, त्यातली दोन वर्षांखालची किती आणि मोठी माणसं किती, हे बघा. एकट्या काकू आणि रांगणारी तीन-चार मुलं असतील तर पैसे वाचवू नका, सरळ ब्रँडेडला जा, तो १ लाख ७१ हजारांचा फरक तुमच्या घराला झेपतो, एसआयपी १५ वरून ७ हजारांवर आणा, दोन वर्षांनी वाढवा, काही बिघडत नाही. मदतनीस असेल तर माझं मत काकूंकडे.

टॅक्सचं विचारलंय. नव्या टॅक्स रिजीममध्ये पाळणाघराच्या फीवर काहीच सूट नाही. जुन्यात प्लेस्कूल-नर्सरीची ट्यूशन फी वजावटीला चालते, नुसत्या सांभाळण्याची फी नाही, त्यामुळे यासाठी रिजीम बदलू नका.

कॅश मात्र हाताशी ठेवा. मुलीला सवय लागायला जॉईन व्हायच्या १५ दिवस आधीपासून पाठवावं लागेल, म्हणजे पगार नसताना पहिली फी, आणि तुम्ही महिन्याच्या २० नंतर जॉईन झालात तर बऱ्याच कंपन्यांत ते दिवस पुढच्या पगारात येतात. शिवाय पहिले काही महिने सर्दी-ताप चालूच राहतो, डॉक्टरची फी आणि औषधं कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाहीत, आणि त्या रजा दोघांनी वाटून घ्यायच्या. सगळं धरून ७० हजार सेव्हिंगमध्ये असू द्या.

आणि ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये ते सगळ्यात आधी करा. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीत तेवढी माणसं नक्की असतील. बऱ्याच कंपन्या एखाद्या डेकेअरशी टायअप करतात किंवा फीचा काही भाग देतात, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. कुठेही अ‍ॅडमिशनचे पैसे भरायच्या आधी एचआरला मेल टाका: स्वतःचं पाळणाघर आहे का, टायअप कुणाशी, वाकडमध्ये सेंटर आहे का, दर काय, जीएसटी धरून की वगळून. वाकडमधलंच सेंटर जेवणासकट १२ हजारांच्या आत मिळालं तर काकूंना ठेवा बाजूला आणि तिथेच घाला.