मुलीचा संसार नातेवाइकांना कसा सांगावा?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. आमची 34 वर्षांची मुलगी गेली सहा वर्षे बाणेरला एका मुलीबरोबर संसार करते आहे. आम्ही दोघांनी ते स्वीकारले आहे, पण नातेवाइकांना ‘ऑफिस जवळ पडते म्हणून दोघी एकत्र राहतात’ असेच सांगतो. आता त्यांना घरगुती समारंभ करायचा आहे आणि आमंत्रण आम्ही द्यावे, अशी मुलीची इच्छा आहे. यजमान म्हणतात, कायद्याने लग्न होतच नाही, तर मग लोकांना सांगायचे कशासाठी? मोठ्या जाऊबाईंना काय सांगू, हेही मला सुचत नाही. – एक आई

उत्तर : ताई, आमंत्रण तुम्हीच द्यावे, असे मला मनापासून वाटते.

यजमानांची कायद्याची माहिती बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. परंतु 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. त्यामुळे विशेष विवाह कायद्याखाली या दोघींची नोंदणी आज होऊ शकत नाही. मात्र घरी एकमेकींना हार घालून आप्तांना जेवू घालण्यात बेकायदा असे काहीही नाही.

कायदा पाठीशी नाही म्हणून गप्प बसावे, असे यजमानांना वाटते. मला नेमके याच कारणासाठी बोलणे निकडीचे वाटते. समजा, बाणेरचा फ्लॅट तुमच्या मुलीच्या नावावर आहे आणि कर्जाचे हप्ते दोघी मिळून भरत आहेत. देव न करो, पण मुलीचे काही बरेवाईट झाले आणि मृत्युपत्र नसले, तर हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित मुलीचे ते घर तुम्हा आईवडिलांकडे येईल आणि जिने निम्मे हप्ते भरले तिला वारस म्हणून काहीच मिळणार नाही. सोसायटीत तिचे नाव नॉमिनी म्हणून लावले, तरी तेवढ्याने मालकी मिळत नाही. नवराबायकोला जे संरक्षण आपोआप मिळते, ते या दोघींना एकेक कागद करून उभे करावे लागते. 2024 मध्ये केंद्र सरकारने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नसल्याचे आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबाचे मानावे असे स्पष्ट केले, हे चांगलेच झाले; पण रुग्णालयात मध्यरात्री ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ असे विचारले जाते, तेव्हा घरची माणसे तिला आपली म्हणतात की नाही, यावर फार काही अवलंबून असते.

कायदा बदलेपर्यंत थांबू, असेही यजमान म्हणतील. थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून असे विवाह होऊ लागले, ते तिथल्या संसदेने कायदा केला म्हणून. आपल्याकडेही संसदेलाच ते करावे लागेल, आणि ज्या घरांत अशी मुले आहेत ती घरेच गप्प राहिली, तर हा आपल्याही घरचा प्रश्न आहे, हे खासदारांना कळणार कसे? पुण्यात 2011 पासून समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी ‘प्राइड’ नावाची मिरवणूक निघते आणि तिचे मोल मी मुळीच कमी मानत नाही. पण बघणाऱ्याला त्यातली माणसे अनोळखी असतात. जाऊबाईंनी तर तुमच्या मुलीला लहानाची मोठी होताना पाहिले आहे.

म्हणून जाऊबाईंना फोनवर किंवा फॅमिली ग्रुपवर न कळवता त्यांच्या घरी जा आणि ‘या दोघींनी एकमेकींबरोबर जन्म काढायचे ठरवले आहे, तुम्ही आशीर्वादाला यायचे’ असे सरळ सांगा. कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे मात्र दोघींना आधी विचारा. जोडीदारणीच्या माहेरी अजून काहीच माहीत नसेल, तर तो निर्णय तिचा आहे. जाऊबाई त्या दिवशी कदाचित गप्प होतील, कदाचित टोचून बोलतील. लगेच वाद घालू नका, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

दरम्यान, वकिलाकडून दोघींची मृत्युपत्रे करून घ्या. प्रत्येक मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वाटणीत ज्यांना काही मिळणार नाही, असेच साक्षीदार निवडा. जाऊबाई राजी झाल्या, तर त्यांनाही सही करायला बोलवा.