जपानमध्ये लिंबू सरबतासाठी साधा सोडा कुठे मिळतो?

कुठल्याही कोनबिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसनसारख्या दुकानात. फक्त 'सोडा' म्हणून मागू नका, तिथे सोडा म्हणजे गोड पेय: हिरवंगार मेलन सोडा हातात पडेल. 'सायडर' लिहिलेलं पारदर्शक पाणीही गोडच. मी पहिल्याच आठवड्यात तेच आणून त्यात लिंबू-मीठ घातलं, सगळं मोरीत ओतावं लागलं.

'तानसान-सुई' असं विचारा. आसाहीचा विल्किन्सन घ्या, अर्ध्या लिटरची बाटली, फेस सणसणीत. लिंबाच्या वासाचाही येतो, पण त्यात साखर नसते. बाटलीवर 'मुतो' असेल तर बिनसाखरेचं (हसू नका, जपानी शब्द आहे). घरी नेहमी लागत असेल तर सुपरमार्केटमधून आणा, कोनबिनीपेक्षा स्वस्त पडतं.