जुनं तंत्र पुन्हा हाती घ्यायचं तर लंबकापासून सुरुवात करा

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांनी लाइट पेंटिंग (अंधारात शटर उघडं ठेवून हलत्या प्रकाशाने चित्र काढणं) पुन्हा सुरू केलं, पण प्रकाशाचा गोळा काय किंवा स्टील वूल (पेटवून गरगर फिरवायचा बारीक पोलादी तारांचा पुंजका) काय, फोटो पूर्वीसारखेच येतात. जुन्या तंत्रांत करण्यासारखं काही उरलंय का? भरपूर उरलंय. स्टील वूल सध्या बाजूला ठेवा. त्यात ठिणग्या कुठे जातील ते आपल्या हातात नसतं आणि वाळल्या गवतात आगीची भीती असते. त्याऐवजी छताला टांगून लंबकासारख्या झुलवलेल्या टॉर्चच्या प्रकाशरेषेचा फोटो, म्हणजे फिजिओग्राम, करून बघा. इथे एक सेंटिमीटर बदलला तरी चित्र बदलतं.

घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर अर्धं काम झालं. साधारण ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन कड्या घ्या. विणीची बारीक नायलॉन दोरी एका कडीतून खाली टॉर्चपर्यंत आणि परत दुसऱ्या कडीपर्यंत न्या. पिळाचा दोरा नको, वजनाने पीळ सुटतो आणि टॉर्च गरगर फिरते. दोरीचे दोन्ही पदर शर्टाच्या जाड बटणाच्या दोन भोकांतून ओवा. बटण घसरत असेल तर दोरी भोकातून दोनदा घ्या.

आता मापं. कड्यांच्या रेषेत झुलताना फक्त बटणाखालचा भाग झुलतो, आडवं झुलताना छतापासूनची पूर्ण लांबी. झोक्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. छतापासून टॉर्चच्या गुरुत्वमध्यापर्यंत १६० आणि बटणापासून ९० सेंटिमीटर ठेवलं की वेळांचं प्रमाण ४:३ येतं आणि सुमारे साडेसात सेकंदांत आकृती पूर्ण होते. मग बटण फक्त एक सेंटिमीटर वर सरकवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून किंचित सरकते आणि दोन मिनिटांत बारीक जाळी विणली जाते. खरी गंमत या जाळीत आहे.

टॉर्चच्या तोंडावर काळा कागद लावून मधोमध सुईने भोक पाडा. भोक मध्यावर नसेल तर रेषा थरथरते. हलकी टॉर्च हवेच्या विरोधाने लवकर थांबते आणि रेषा विरळ पडतात, म्हणून नट बांधून वजन १५०-२०० ग्रॅमपर्यंत न्या. कॅमेरा जमिनीवर, तोंड वर, लेन्स बरोबर ओळंब्याखाली. डोक्यावर वजन लटकतंय, तेव्हा गाठी आधी ओढून बघा आणि लेन्सवर फिल्टर लावाच. टॉर्च स्थिर असताना फोकस करून मॅन्युअलवर टाका. लेन्सपासून टॉर्च एक मीटरवर असेल तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ३५ मिमी, एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४ मिमी लेन्स पुरते. झोका मध्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

आयएसओ १००, एफ/८, शटर बल्ब मोडवर, म्हणजे हवं तितका वेळ उघडं राहील असं. पंखा बंद, खिडक्या बंद. टॉर्च तिरकी ओढा आणि सोडताना बाजूला हलका धक्का द्या. नुसती सोडली तर रेषा स्वतःवरूनच परत येते. पहिले पाच-सहा झोके लेन्स काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली असू द्या, हाताची थरथर तेवढ्यात विरते. रेषेचा उजेड शटरच्या वेळेवर ठरत नाही; तो लेन्सचं छिद्र (एफ-आकडा), आयएसओ आणि टॉर्चच्या वेगावर ठरतो. टोकाला टॉर्च मंदावते, म्हणून कडा आधी जळतात, म्हणजे पांढऱ्याफटक होतात. मध्याकडे न बघता कडा तपासा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिथे हायलाइट (अति उजळ भाग) लुकलुकत असतील तर एफ/११ करा.

रेषा अखंड न येता ठिपक्यांची आली तर टॉर्च मंद मोडवर आहे. तो एलईडी फार वेगाने चालू-बंद होत असतो. पूर्ण प्रकाशावर टाकली की ठिपके जातात. पण ते लगेच घालवू नका. कामाच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हातांना दिवे बांधून असेच तुटक प्रकाशरेषांचे फोटो घेतले होते, तेही मुद्दाम वीज खंडित करून, कारण तुकड्यांच्या लांबीवरून हाताचा वेग मोजता येतो. तुमच्या फोटोतही कडेला ठिपके दाटलेले आणि मध्यावर पांगलेले दिसतील.

रंग हवे असतील तर दर ४० सेकंदांनी पुठ्ठा आडवा धरून लेन्ससमोरचा रंगीत पारदर्शक जिलेटिन कागद बदला. आणि वहीत प्रत्येक फोटोची दोन्ही मापं लिहा, कारण बटण एकदा हललं की तीच जाळी अंदाजाने परत मिळत नाही.