खानापुरात रात्रीचे नऊ, मेलबर्नमध्ये दीड

"रात्री दीडला उठले तर लेकीच्या पांघरुणात उजेड. पण ताई, ती खानापूरच्या चुलतबहिणींशीच बोलत होती, तेही मराठीत. म्हणून गप्प बसले," असं तू लिहिलंस. अगं, तिथंच चुकलीस.

तुझा जीव कशात अडकलाय ते कळतं मला. मेलबर्नमध्ये वाढलेली पोर "काय करालीस गे?" म्हणते हे ऐकून कुणाही आईला भरून येईल. पण खानापुरात जेवणं उरकून पोरी फोन हातात घेतात नवाच्या सुमाराला, तेव्हा तुमच्याकडे दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरात घड्याळं पुढं गेली की अडीच. चौदाव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते आणि शाळा काही तिच्यासाठी उशिरा भरत नाही.

तूच पुढं लिहितेस, "गणपतीत सगळ्या बहिणींनी एका रंगाच्या साड्या नेसून फोटो टाकले, ही दोन दिवस नीट जेवली नाही. निळ्या खुणा दिसून उत्तर आलं नाही की रडते." झोप मोडलेल्या पोरीला एवढंसं लागलेलंही डोंगराएवढं वाटतं गं, आणि त्या वेळी समजूत घालायला जवळ कुणी नसतं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्येच बजावलं होतं, की रोज ३ तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत नैराश्याचा, चिंतेचा धोका दुप्पट दिसतो. झोपेवरच्या परिणामाचंही त्यांनी सांगितलं होतं.

"आता कायदा आलाय," असं तुझा नवरा म्हणतो. होय, १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सअॅप त्यात नाही, आणि तुमचा घरचा ग्रुप, बहिणींचे स्टेटस सगळं तिथंच आहे.

आम्ही ऑकलंडला होतो तेव्हा माझा थोरला असाच जागायचा. उशीखालचा फोन तापलेला असायचा. ओरडले तर म्हणाला, "तुझाही उशाशीच असतो की." खरं होतं. बाबांना बरं नव्हतं, बेळगावच्या टिळकवाडीहून कधी फोन येईल म्हणून मी आवाज चालू ठेवून झोपायचे. आपण सगळेच तसं करतो. मग आईनं बेळगावची मिठाई, कुंदा, भरून दिलेला स्टीलचा डबा मी ओट्यावर ठेवला. दहा वाजले की चौघांचे फोन त्यात. गावाकडच्या तातडीच्या फोनसाठी लँडलाइन घेतली. आठ दिवस पोरगा धुमसत होता. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी न उठवता स्वयंपाकघरात आला आणि चहा मागितला.

तूही तसंच कर, आधी स्वतःचा फोन ठेवून. बहिणींना तोडू नकोस. रविवारी खानापुरात सकाळचे आठ वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेबारा-दीड असतात. त्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, आज्जीलाही शेजारी बसवायला सांग. आणि जाऊबाईंना स्वतः फोन करून सांग, की पोरींनी तिला रात्री मेसेज करू नयेत.

जेवण टाकणं परत झालं, किंवा जगावंसं वाटत नाही असं काही बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. मराठी शाळा बुडते म्हणतेस, बुडू दे एक सत्र. केस गळतात असंही लिहिलंस, ते झोप सुधारल्यावर बघू. डबा कुठला काढलास ते मात्र कळव.