थोरल्याला शुगर, मग धाकटीची टेस्ट करायची का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, थोरल्याला (वय 9) दिवाळीत शुगर 480 निघाली, बेळगावला ॲडमिट केलं, जीएडी नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह म्हणाले, तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. आता डोस निम्म्यावर आलाय तर सासूबाई म्हणतात इंजेक्शन बंद करून झाडपाल्याचं बघूया, निपाणीकडं कोण तरी देतंय म्हणे. आणि धाकटी 6 वर्षांची आहे, तिला पण होणार का? आधी कळतं का?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर: ताई, थोरल्याला झालाय तो टाइप 1 मधुमेह. आधी सासूबाईंचं सांगतो कारण त्यात पोराच्या जिवाला धोका आहे. डोस कमी झाला म्हणजे बरा झाला असं नव्हे, बाहेरून इन्सुलिन मिळालं की स्वादुपिंडातल्या उरलेल्या बीटा पेशींना (इन्सुलिन बनवणाऱ्या) उसंत मिळते आणि त्या परत थोडं काम करायला लागतात, याला आम्ही हनिमून म्हणतो, काही महिने टिकतो आणि मग डोस परत वाढतोच. नेमकं याच काळात झाडपाला दिला की गुण आला असं वाटतं आणि घरचे इंजेक्शन सोडतात. असं करू नका, हात जोडून सांगतो. स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते सी-पेप्टाइड टेस्टवर कळतं, ती करून सासूबाईंना आकडा दाखवा. आणि कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, खायला दिला म्हणून झालं असं कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नका, हा आजार गोड खाऊन होत नाही.

आता धाकटी. भावाला आहे म्हणजे बहिणीला होणारच असं नाही, शंभरात पाच-सहा भावंडांना होतो. पण आधी कळतं हे खरं, शरीर आपल्याच बीटा पेशींवर उलटलं की रक्तात ॲन्टीबॉडी दिसतात, जीएडी, आयए-2, झिंक ट्रान्सपोर्टर 8 आणि इन्सुलिनविरुद्धची. एकच निघाली तर बऱ्याचदा पुढं काही होत नाही. दोन किंवा जास्त निघाल्या तर शुगर नॉर्मल असली तरी ती पहिली स्टेज, अशा मुलांपैकी साधारण 70 टक्क्यांना दहा वर्षांत आजार होतो. शुगर जराशी बिघडली पण त्रास काही नाही ती दुसरी स्टेज, आणि या दुसऱ्या स्टेजसाठी अमेरिकेत 2022 मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हा 8 वर्षांपुढच्यांसाठी, 14 दिवस रोज सलाईनसारखं शिरेतून देतात. ते बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशींना (रोगप्रतिकारक पेशी) आवरतं, आजार साधारण दोन वर्षं पुढं जातो, बरा होत नाही, आणि किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची.

मग टेस्ट कशाला? माझं मत, करून घ्या, कारण माहीत असलं की पोरगी बेशुद्ध व्हायच्या आधी आपण पोचतो. एकदम तहान वाढली, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, वजन उतरलं तर जंत झाले म्हणून थांबू नका, थोरल्याचं ग्लुकोमीटर घरात आहेच, हात धुऊन तिचं बोट टोचा, 200 च्या वर आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उलट्या किंवा धाप असली तर रात्र असली तरी निघा.