मोठ्या संस्थेत नवी संगणक प्रणाली आणताना एवढं का अडतं? कर्मचाऱ्यांनाच बदल नको असतो ना?

नाही. आणि हे वाक्य ज्याला खरं वाटतं, त्याला एकदा चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात देवगड तालुक्यातल्या बँकेच्या काउंटरवर बसवायला हवं. मी बसलेली आहे. बँक सहकारी होती. नाव सांगणार नाही, माझी ठेव अजून तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकात बँक कर्मचारी संघटनांनी संगणकाला विरोध केला होता, मान्य. बँकांत यंत्रं, संगणक आणण्यावर नेमलेल्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, तेव्हाची धास्ती नोकरी जाण्याची होती. पण त्या एका गोष्टीवर वरचे साहेबलोक आजतागायत आपली पोळी भाजून घेतात. आमच्या शाखेत संगणक आधीपासून होता, शाखेपुरता. सगळ्या शाखा एका सर्व्हरला जोडणारं कोअर बँकिंग येणार म्हटल्यावर आम्हाला आनंदच झाला होता. रोज रात्री तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, जुळवत बसायची हौस कोणाला असते?

तारीख मुख्य कार्यालयाने ठरवली. सॉफ्टवेअर कंपनीची माणसं त्याच आठवड्यात मोकळी होती म्हणे. म्हणजे चाकरमानी उतरायच्या ऐन तोंडावर. आमच्या मॅनेजरांनी पत्र लिहून कळवलं की दिवाळीनंतर करा. उत्तर आलं नाही, माणसं आली.

नमुना सहीची कार्डं स्कॅन करायला दोन पोरं आली होती. हुशार होती, भराभर काम करत होती. फक्त सहीचा चौकोन कापून घ्यायची. आता त्या कार्डांच्या कडेला पेन्सिलीने काय काय लिहिलेलं असायचं: ‘बंदरवाडी’, ‘हा वरच्या वाडीचा नव्हे’, ‘डावा अंगठा’, ‘थोरल्याला विचारल्याशिवाय देऊ नये’. आमच्याकडे एकेका गावात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची दोन-तीन माणसं सहज सापडतात. आम्ही त्यांना वाडीवरून ओळखायचो आणि ती ओळख त्या पेन्सिलीत होती. ती कापली गेली. वर ज्यांची जन्मतारीख नव्हती त्यांना सरसकट १ जानेवारी १९५० ही तारीख टाकलेली. मग नाव तेच, गाव तेच, पिनकोड तोच, जन्मतारीखही तीच! सॉफ्टवेअरने दोन दत्तारामांचा एक ग्राहक करून टाकला. त्याचा तरी काय दोष?

एकाचं होडीच्या इंजिनाचं कर्ज थकलेलं. दुसऱ्याने आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. पण बचत खातं गोठलं ते दुसऱ्याचं. म्हातारा काउंटरवर पासबुक ठेवून म्हणाला, “गो बाय, माजे पैशे खंय गेले? परवा गणपती येतले आणि माका थकबाकीदार म्हणतंस?” मागे दारापर्यंत रांग, बाहेर पाऊस, लाईन मधूनमधून तुटतेय. ग्राहक वेगळे करायचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला आणि तिथला फोन सतत बिझी. शेवटी मॅनेजरांनी ती रक्कम उचंत खात्याला, म्हणजे हिशेब लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्याला, नावे टाकून व्हाउचरवर सही केली आणि मी रोख मोजून दिली. सणानंतर आम्हा दोघांनाही मेमो आला: नव्या प्रणालीस असहकार.

म्हणून तुमचा प्रश्न वाचून डोकं फिरलं.

हे फक्त आमच्यासारख्या लहान बँकेचं नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक नव्या प्रणालीवर नेले, जवळजवळ सगळे एकदमच. त्यातल्या सुमारे १९ लाखांना आपलंच खातं उघडेना. डेटा सेंटर दोन आणि चाचणी एकाचीच घेतलेली, हे नंतरच्या चौकशीत बाहेर आलं. २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंड दंड बसला. तिथेही काउंटरवरच्या मुलींनी माऊस धरायला नकार दिला म्हणून हे झालं का?

माझे दीर पुण्यात असल्याच प्रकल्पांवर काम करतात. दर गणपतीत आमचं यावरून वाजतं. ते म्हणतात, “वहिनी, तुम्ही लोक अपवाद फार सांगता.” भावोजी, तुम्ही ज्याला अपवाद म्हणता तो आमचा खातेदार असतो. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. तेव्हा ठरलेला खर्च २,५१६ कोटी रुपये. तेवढ्या पैशात यंत्रं येतील, सॉफ्टवेअर येईल. पण वहीतले मयत सभासद, मुंबईत पांगलेले वारस, आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरंच नाव, हे सगळं निस्तरायला सोसायटीचा सचिवच लागतो. निस्तरताना घ्यायचे निर्णय मात्र त्याच्या हातात नसतात. अडतं ते इथे. ज्याला माहीत असतं त्याला विचारत नाहीत, आणि ज्याला विचारतात तो सही करून मोकळा होतो.

आता आडमुठे लोक नसतात असं नाही. आमच्या एका सहकाऱ्याने निवृत्त होईपर्यंत कीबोर्डला बोट लावलं नाही, व्हाउचर लिहून शेजारच्या टेबलावर सरकवायचा. आणि कोअर बँकिंग वाईट असंही माझं म्हणणं नाही. मुंबईच्या मुलाने सकाळी भरलेले पैसे दुपारी आईच्या हातात पडतात, पूर्वी ड्राफ्टची वाट बघत बसायला लागायचं.

तुमच्या ऑफिसात असलं काही येणार असेल तर दोन गोष्टी विचारून ठेवा. तारीख कोणी ठरवली? आणि पहिल्या दिवशी चूक निघाली तर तुमच्या मजल्यावरच्या कोणाला ती दुरुस्त करता येईल? दुसऱ्या प्रश्नाला “तिकीट टाका”, म्हणजे संगणकावर तक्रार नोंदवून वाट बघा, असं उत्तर आलं, तर त्या आठवड्याची रजा आत्ताच मंजूर करून घ्या.