साफ्टा असूनही संत्र्यावर शुल्क कसे?

प्रश्न : भारत आणि बांगलादेश हे दोघेही दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचे, म्हणजे साफ्टाचे सदस्य आहेत. तरीही आमच्या संत्र्यावर तिकडे किलोमागे 88 रुपये शुल्क लागते असे सांगून व्यापारी बगिच्याचा भाव पाडून मागतात. मग या कराराचा उपयोग काय?
— एक संत्रा उत्पादक, ता. वरुड

उत्तर : व्यापाऱ्यांचा आकडा 2023 च्या हंगामातला आहे आणि तो खोटा नाही, राज्य शासनाने निर्यातदारांना त्याच्या निम्मे अनुदान जाहीर केले होते. साफ्टा 2006 पासून लागू आहे. परंतु प्रत्येक देशाला आपली ‘संवेदनशील यादी’ ठेवण्याची मुभा त्यात असून, यादीतल्या मालाला सवलत मिळत नाही. त्याहून मोठी पळवाट अशी की, करारातील कपात मूळ सीमाशुल्काची आहे, त्यावर चढवलेल्या नियामक आणि पूरक शुल्कांना, म्हणजे देश आपल्या मर्जीने लावतो त्या जादा आकारणीला, व्यवहारात फारसा हात लागलेला नाही. डॉलरची चणचण भासू लागल्यावर 2022 मध्ये बांगलादेशाने ताज्या फळांवरील नियामक शुल्क वाढवले ते याच वाटेने. दक्षिण आशियाई देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के आहे, तर युरोपीय संघात हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास जाते, यात मग नवल नाही.

जिथे सवलत खरोखर मिळते तिथे व्यापार वाढतो, मात्र तो आपल्या सोयीचाच असेल असे नाही. सोयाबीनच्या भावाला आधार मिळावा म्हणून भारताने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील प्रभावी (सारे अधिभार धरून होणारे) शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केले; त्यानंतर नेपाळमधून शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलाची साफ्टाखाली होणारी शुल्कमुक्त आवक झपाट्याने वाढली. नेपाळात सोयाबीन पिकते ते किती! कच्चे तेल परदेशातून आणायचे, शुद्ध करायचे आणि भारतात पाठवायचे, असा तो व्यवहार आहे. युरोपीय संघात बाहेरच्या मालावर सर्व सदस्यांचे शुल्क एकच असल्यामुळे असे मागचे दार तिथे उरत नाही. साफ्टात हे शुल्क प्रत्येक देशाचे वेगळे असते आणि सारी भिस्त माल मूळचा कुठला हे ठरवणाऱ्या नियमांवर राहते.

तेव्हा निवेदन द्यायचेच असेल, तर केवळ अनुदान न मागता नियामक व पूरक शुल्क वाटाघाटीत घ्यावे आणि तेलाच्या मूळ देशाची तपासणी कडक व्हावी, या दोन मागण्या केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे कराव्यात.